चाकाची बेंबी

डॉक्टरांनी मला नोकरीवर घेतलं ते माझा हात लहान होता म्हणून.

हे मी गमतीनं सांगत नाही. जळगावला उतरले तेव्हा माझ्यापाशी पुण्याला नर्सिंग शिकल्याचा दाखला होता, एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची शिफारस होती. त्यांतलं काहीएक पाहिलं गेलं नाही. टांगा दवाखान्यासमोर थांबला तेव्हा भर रस्त्यात एक गृहस्थ कोटासकट आडवे पडले होते. डोकं एका फटफटीच्या मागच्या चाकाला टेकलेलं आणि एक हात चाकाच्या तारांमधून आत गेलेला. मला वाटलं, अपघात झाला. मी धावत जवळ गेले.

"हात दाखवा," आडवे गृहस्थ म्हणाले.

मी दाखवला.

"छान. लहान आहे. इथून आत घाला. एक पितळी नळी हाताला लागेल. तिच्यावर पंपाचं हे तोंड दाबून धरा. काही झालं तरी सोडायचं नाही."

मी ट्रंक रस्त्यातच ठेवली, खाली बसले, हात चाकात घातला आणि धरून राहिले. ते उठून पंप मारू लागले. टायर टणक झाल्यावर त्यांनी कोट झटकला आणि "उद्यापासून या. आजपासून आलात तरी चालेल," असं म्हणून आत निघून गेले. समोरचा पानवाला मला म्हणाला, "हेच डॉक्टर. तुम्ही नवीन नर्सबाई ना? आधीच्या बाईंचा हात जाड होता हो."

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. फटफटी डॉक्टरांनी धुळ्याला विकत घेतली होती, विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या अंमलदाराकडून. तिला डाव्या अंगाला एक डबा जोडलेला होता. त्यात एक माणूस पाय लांब करून बसू शकत असे. लोक त्याला होडी म्हणत. खेड्यापाड्यांना निघालो की डॉक्टर गाडीवर आणि मी होडीत, मांडीवर औषधांची पेटी. मी विधवा बाई. पहिले काही दिवस जळगावात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. पुढे पुढे डॉक्टरांना चाकाखेरीज जगात दुसरं काही दिसतच नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि बोलणं आपोआप थांबलं.

चाकाचं दुखणं काय होतं ते सांगते. टायरात हवा भरायची ती एका बोटभर पितळी नळीतून. तिला डॉक्टर व्हॉल्व्ह म्हणत. ही नळी चाकाच्या कडेतून निघून थेट आत, मध्याकडे तोंड करून उभी असते. पंपाचं तोंड तिला लावायचं तर तारांच्या जाळीतून हात घालावा लागतो. एका बाजूला साखळी, दुसऱ्या बाजूला होडी. चाक थांबताना नळी वर आली तर माणूस कमरेत वाकून कसंबसं जमवतो. खाली आली तर रस्त्यात लोळण. आणि आमच्याकडचे रस्ते म्हणजे बाभळीचे काटे आणि बैलांच्या नालांचे खिळे. पंक्चर नाही असा दिवस जात नसे.

"आणि ती खालीच थांबते, बाई," डॉक्टर म्हणत. "कधीही बघा. विलायतेत टेबलाशी बसून कागदावर चाक काढणाऱ्या माणसानं आयुष्यात चिखल पाहिलेला नाही."

एरवी ते शांत माणूस. अविवाहित. थोरली बहीण घर सांभाळायची, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. निदान उत्तम, हाताला गुण होता, गरिबाच्या झोपडीत गेले तर जमिनीवर मांडी घालून बसत. पण कुठल्याही वस्तूचं तोंड हा विषय निघाला की त्यांचे डोळे चमकायला लागत. "वस्तू चांगलीच असते, बाई. तिचं तोंड चुकीच्या जागी असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरातल्या चहाच्या किटलीची चोच त्यांनी तोडून कोनात बसवून घेतली होती. तिच्यातून चहा ओतला की तो शेजारच्या माणसाच्या कपात पडे. लेंग्याची नाडी समोर बांधणं अडचणीचं आहे, हात आपोआप कडेला जातात, असं म्हणून त्यांनी शिंप्याकडून सगळ्या लेंग्यांच्या नाड्या उजव्या कुशीला काढून घेतल्या होत्या. धोबी दर आठवड्याला त्या खेचून परत मधे आणायचा आणि अक्का दर आठवड्याला त्या पुन्हा कडेला ओढायच्या.

"याला पाळण्यात उलटा निजवला होता लहानपणी," अक्का म्हणायच्या. "तेव्हापासून याला सगळं वाकडं दिसतं."

एकदा धुळ्याला डॉक्टर मंडळींची सभा होती. आमच्या डॉक्टरांना हिवतापावर बोलायला बोलावलं होतं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी माणसाच्या शरीराचं मोठं चित्र भिंतीवर टांगलं आणि छडी नाकावर ठेवली.

"नाक बघा," ते म्हणाले. "कुठे आहे? समोर. कुणालाही पुसता येतं. कान कडेला आहेत, बोट घालायला कोपर आडवं येत नाही. ज्यानं शरीर केलं त्यानं वापरणाऱ्याचा विचार केला. आता हेच नाक जर बरगड्यांच्या आत असतं, तर?" मग त्यांनी चित्र उलटवलं. मागे चाकाचं चित्र होतं. सभा संपेपर्यंत हिवतापाचा ह आला नाही. अध्यक्षांनी आभार मानताना म्हटलं की वक्त्यांनी डासांकडे नव्या दृष्टीनं पाहायला शिकवलं. ते बहुतेक झोपले होते.

तर या माणसाची एक सवय होती, आणि पुढचं सगळं त्या सवयीतून उभं राहिलं. रोग्याच्या दारात पोचलो की ते इंजिन बंद करत आणि मग गाडी हातानं पुढे-मागे ढकलत. अर्धं पाऊल पुढे, पाव पाऊल मागे. एक डोळा मिटून मागच्या चाकाकडे बघत. नळी बरोबर माथ्यावर आली की "झालं!" म्हणून बॅग घेऊन आत पळत. परत निघताना हवा गेलेली असलीच तर भरायला सोपं जावं, एवढाच हेतू.

पण रोगी फारच अत्यवस्थ असला, घरातून रडण्याचा आवाज येत असला, तर ते गाडी तशीच टाकून धावत. मग नळी जिथे थांबेल तिथे, बहुधा खालीच.

आता खेड्यातल्या लोकांनी काय पाहिलं ते बघा. डॉक्टरांनी नळी वर आणली की रोगी बरा होतो. नळी खाली राहिली की रोगी बहुतेक जातो. त्यांनी जे पाहिलं ते काही खोटं नव्हतं. एरंडोलकडच्या गावांत ही गोष्ट इतकी पसरली की आमच्या फटफटीचा आवाज आला की माणसं आम्हाला नव्हे, चाकाला सामोरी यायची. त्यांनी त्या नळीला नावही दिलं होतं. चाकाचं पोट तिच्यातून भरतं, म्हणून तिला ते चाकाची बेंबी म्हणत.

"बेंबी वर उनी का?" आतून बाया अहिराणीत विचारायच्या, वर आली का म्हणून.

"उनी, उनी!" बाहेरून उत्तर जायचं, आणि घरात चुलीवर चहाचं आधण चढायचं.

डॉक्टरांना हे समजलं तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. देवाधर्माला न मानणारा माणूस, आणि आपल्याच हातून एक नवा देव बसला! त्यांनी ठरवलं, हे मोडून काढायचं. एका गावी एका धडधाकट शेतकऱ्याच्या मांडीवर गळू झालं होतं. साधं गळू. डॉक्टरांनी सगळ्यांच्या देखत गाडी ढकलून नळी मुद्दाम तळाला आणली आणि मोठ्यानं म्हणाले, "बघा! खाली आहे. आता याला काय होतं ते बघा."

त्या माणसानं खाटेवरून हे ऐकलं. त्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं, मोठ्या मुलाला म्हणाला, "धाकल्याले संभाळ रे भाऊ," आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर गळू फोडायला आत आले तेव्हा त्याच्या तोंडात तुळशीचं पान होतं आणि बायको पायांवर डोकं ठेवून रडत होती. गळू फुटलं, पू निघाला, कळ थांबली, तरी तो डोळे उघडायला तयार होईना. शेवटी गावच्या पोलीस पाटलांनी चार गडी बोलावले, होडीसकट फटफटीचं मागलं अंग उचललं आणि चाक फिरवून बेंबी वर आणली. मग तो उठून बसला आणि भाकरी मागितली.

परतताना जळगावची वेस आली तेव्हा डॉक्टरांनी एकदम ब्रेक लावला. मी होडीत पुढे आपटले.

"मध्य!" ते ओरडले. "बाई, मध्य! चाक फिरतं, पण मध्य तिथेच राहतो. मध्याला वर नाही, खाली नाही. व्हॉल्व्हचं तोंड मध्यावर आणून बसवलं तर हवा भरायला वाकायला नको, आणि या लोकांना बघायला काही उरणार नाही!"

खरं सांगायचं तर ती कल्पना वाईट नव्हती. चाकाच्या कडेच्या नळीला दुसरी लांब नळी जोडायची, ती तारेच्या बाजूनं आखाच्या जवळ आणायची, आणि तिथे तोंड ठेवायचं. पहिला प्रयोग त्यांनी दवाखान्यातल्या एनिम्याच्या रबरी नळीवर केला. ती एरंडोलच्या बाजारात, ऐन गर्दीत फुटली. तोफेसारखा आवाज झाला, एक बैल जू टाकून पळाला, आणि नळीचा तुकडा उडून एका भाजीवालीच्या वांग्यांवर पडला. मी उचलायला गेले तर आजूबाजूची बरीच माणसं माना वळवून दूर सरकली. त्या नळीला त्यांच्यापैकी अनेकजण आधी भेटलेले होते.

मग जळगावातले एक मिस्त्री गाठले. लग्नात वाजवायच्या बँडची वाद्यं दुरुस्त करायचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी तांब्याची बारीक नळी ओढून, वाकवून, डाख देऊन चाकाला जोडली. पण कुठेतरी सूक्ष्म गळती राही आणि गाडी वेगात आली की नळी शीळ घाली. डॉक्टर आणि चाचा दोघं चाकाला कान लावून तासन् तास बसायचे.

"बंद का होत नाही, चाचा?"

"हवा को रस्ता दिया है साहब, तो गाएगी. मैं तो सुर कम कर सकता हूँ, गाना बंद करना मुश्किल है."

पावसाळा गेला, थंडी सुरू झाली, सूर कमी होत होत एक दिवस बंद झाला. त्या सकाळी डॉक्टरांनी चाकाजवळ स्टूल मांडलं, एका हातात कपबशी घेतली आणि बसल्या बसल्या, न वाकता, चहा पीत हवा भरली. मग सोडून दिली आणि पुन्हा भरली. शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्याकडून भरून घेतली. पानवाल्यानं भरली. अक्कांनी चाकाला हळदकुंकू लावलं, तर एरवी असल्या गोष्टींवर चिडणारा तो माणूस नुसता हसत उभा राहिला. त्यानंतर रोज झोपण्यापूर्वी ते अंगणात जाऊन त्या नळीवरून फडकं फिरवत. मी त्यांना इतकं सुखी आधी पाहिलं नव्हतं.

आणि मग पद्मालयाच्या वाटेवरच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. पहिलटकरीण अडली होती. आदल्या दिवसापासून कळा देत होती, गावच्या सुइणीनं हात टेकले होते. आम्ही ऐन दुपारी पोचलो. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं आणि गाडी न ढकलता, ताठ मानेनं खाली उतरले. लोक नेहमीप्रमाणे मागच्या चाकाभोवती जमले. माथ्यावर पाहिलं, तळाला पाहिलं. तांब्याची नळी उन्हात चकाकत होती आणि तिचं तोंड अगदी मधोमध होतं.

"बेंबी कोठे शे?" कुणीतरी विचारलं.

"मधमा शे."

हे कुणी आजवर पाहिलं नव्हतं. मग त्या मुलीची सासू पुढे आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, खूप वेळ चाकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मधमा म्हंजे सरळ शे. एक वाची, एक जाई." आणि डॉक्टरांकडे वळून हात जोडून म्हणाली, "साहेब, मंग पोटमानं पोर वाचाडा."

मुलीचा नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आईचं हे ऐकून त्यानं मान खाली घातली.

पुरुषमाणसाला बाळंतिणीच्या खोलीत घेणार नाही, हे त्या घरानं आधीच सांगितलं होतं. डॉक्टर ओट्यावर बसले, मी आत गेले. खोलीला हातभर खिडकी होती आणि तिच्यातून बाहेरचं अक्षर न् अक्षर आत येत होतं. मुलगी जेमतेम विशीची असेल. मी तपासलं. मूल सरळ होतं, डोकं चांगलं खाली आलं होतं. जोर करायचा, एवढंच बाकी होतं. तिनं माझं मनगट धरलं आणि पहिल्या दोन कळांना चांगला जोर केलाही. मग बाहेर सासूनं तेच बोलणं पुन्हा मोठ्यानं काढलं. मुलीनं माझं मनगट सोडून दिलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "एकच वाचानं ना? मंग ते वाचू द्या." आणि भिंतीकडे तोंड केलं.

कळा येत होत्या आणि ती त्या नुसत्या अंगावरून जाऊ देत होती. मी समजावलं, रागावले, गालावर चापट मारली. काही उपयोग होईना. असंच चाललं तर सासूचं म्हणणं खरं व्हायचं होतं, कदाचित त्याहून वाईट. दोघंही जायची होती. मी बाहेर आले.

"डॉक्टर, सगळं ठीक आहे. डोकं खाली आहे. पण तिनं जोर करणं सोडलंय."

"का?"

"तुमच्या चाकामुळे."

मी सगळं सांगितलं. डॉक्टर उठले. आधी त्यांनी लोकांना समजवायचा प्रयत्न केला. ही तांब्याची नळी आहे, हिच्यातून हवा जाते, जन्ममरणाशी हिचा काही संबंध नाही, असं हात हलवून सांगत राहिले. लोक ऐकून घेत होते आणि नळीकडे बघत होते. सासू म्हणाली, "साहेब, तुमी तिले मधमा काब्र आनी? आधी वर ऱ्हाये, ते चांगलं नव्हतं का?"

डॉक्टरांनी नळीचा सांधा चाचपून पाहिला.

"सुटेल का ती?" मी हळूच विचारलं.

"डाख दिलाय. तापवल्याशिवाय सुटणार नाही. शेगडी, फुंकणी, तास जाईल."

"एवढा वेळ तिच्यापाशी नाही, डॉक्टर."

ते होडीपाशी गेले आणि मोठा पाना काढला. चाकासमोर उकिडवे बसले. फडकं काढून एकदा नळी पुसली. मग पाना उगारला. पहिल्या घावानं नळी वाकली. दुसऱ्या घावानं ती कडेपाशी मोडली आणि आतली सगळी हवा एक लांब शीळ घालत बाहेर पडली. त्या शिळेच्या बरोबरीनं डॉक्टरांच्या तोंडून असा हंबरडा फुटला की ओट्यावरची बकरी दावं तोडून पळाली. एवढा शिकलेला, कोट घातलेला माणूस, मोडकी नळी छातीशी धरून लहान मुलासारखा मोठमोठ्यानं रडत होता. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. "मोडली गं आई," असं काहीतरी म्हणत होते. लोकांनी आ वासला.

रडता रडताच त्यांनी खांदा लावून गाडी ढकलायला घेतली. हवा नसलेलं चाक हलेना. मग गडी धावले, नवराही चौकटीपासून सुटून धावला, आणि सगळ्यांनी मिळून चाक पुढे रेटलं. मोडून उरलेला पितळी खुंट माथ्यावर आला.

"वर उनी! बेंबी वर उनी!" एकच गलका झाला.

मी आत धावले. मुलगी कोपरांवर उठून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, डोळे खिडकीकडे. तिनं आपण होऊन माझं मनगट पकडलं, असं पकडलं की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं. ऊन कलायच्या आत मूल बाहेर आलं आणि रडलं. दोघी वाचल्या. मुलगी झाली होती.

सासूनं नातीला पाहिलं, मग बाहेर जाऊन चाक पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि परत येऊन म्हणाली, "जराशी तिरपी शे बेंबी. म्हनीसन आंडेर व्हयनी."

आम्ही परत आलो ते बैलगाडीतून. फटफटी गाडीवर आडवी बांधलेली, मी एका कडेला, डॉक्टर दुसऱ्या कडेला, मांडीवर रुमालात गुंडाळलेली ती मोडकी नळी. चाचांनी दुसऱ्याच दिवशी नवी करून देतो म्हणून निरोप पाठवला. डॉक्टर नको म्हणाले. "वर असो, खाली असो, मधे असो, बाई. माणसं अर्थ काढल्याशिवाय राहत नाहीत. मग निदान सोयीचा अर्थ निघू दे." त्यानंतर आमची कामाची वाटणी ठरून गेली. दारात पोचलो की मी होडीतून उडी मारून बॅग घेऊन आत पळायची, आणि डॉक्टर मागे राहून नळी वर आणायचे. रोगी मरणाच्या दारात असला तरी आणायचेच. लोकांचा "उनी, उनी!" असा आवाज आला की मागून ते आत येत आणि रोग्याची नाडी बघत मला म्हणत, "पहिला डोस दिलाय."

होळीच्या सुमाराला ती मुलगी दवाखान्यात आली. माहेरी निघाली होती, वाटेत लेकीला दाखवायला थांबली. लेक गुटगुटीत होती. डॉक्टरांनी तिला तपासलं, जीभ पाहिली, पोट दाबलं. मग ते जरा घुटमळले. मला कळलं, हे आता विचारणार. बेंबी वर आल्याच्या नुसत्या आवाजानं अडलेल्या बाईच्या अंगात जोर कसा आला, हे त्यांना शास्त्र म्हणून जाणून घ्यायचं होतं. इतके दिवस त्यांच्या मनात तेच घोळत होतं.

"काय गं," ते म्हणाले, "त्या दिवशी चाक वर आलं असं ऐकलंस, तेव्हा तुला एकदम बळ आलं, ना?"

मुलगी गोंधळली. पदर नीट करत म्हणाली, "चाकनं माले काही समजनं नही, साहेब. बठ्ठा एकदम ओरडी राह्यन्तात. माले तुमनं रडनं ऐकाले उनं."

"माझं?"

"हां. त्या घरमा मनासाठे, या सूनसाठे, कधी कोनी रडनं नही. मी म्हनं, हाऊ परका मानूस, मनासाठे इतला रडी राह्यना." ती लेकीकडे बघून हसली. "मंग मी म्हनं, आते मरानं नही."

मी हातातली बाटली खाली ठेवली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले.

"हो," शेवटी ते म्हणाले. "फार वाईट वाटलं होतं मला."

आणि तेवढं मात्र अगदी खरं होतं.